खोललंच आहे तर...

लालबागच्या एका काकांची मारुती 800. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर, ऑइल कॅप काढली की बॅक कॉम्प्रेशन (सिलिंडरमधून खाली गळणारा गॅस) फसाफसा. मधल्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, 90 psi, थोडं ऑइल टाकून परत घेतलं तर 130, म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा गेल्या, वॉल्व्ह ठीक. इथपर्यंत सोपं असतं.

इंजिन खोललं तर लेथवाल्याने बोअरमध्ये (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक) बोट फिरवून निकाल दिला, "बोअर मारून टाक, 0.50 चे पिस्टन घाल", म्हणजे भोकं कापून मोठी करायची आणि अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन घालायचे. त्याला काय, प्रत्येक ब्लॉकमध्ये स्वतःची मजुरी दिसते. मी बोअर गेज काढला, तिन्ही बोअर वर, मध्ये, खाली, आडवे-उभे मोजले. दोन बरे, मधला वरच्या बाजूला 0.08 मिलिमीटरने झिजलेला. खात्री करायला नवी स्टँडर्ड (मूळ मापाची) रिंग आत टाकली, पिस्टनने ढकलून सरळ बसवली आणि रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर (मापाची पातळ पट्टी) घातला. अगदी खाली, जिथे रिंग कधी घासतच नाही, तिथे गॅप 0.20, वर 0.45. व्यास 0.08 ने वाढला की घेर पाव मिलिमीटरने वाढतो, हिशोब बरोब्बर जुळला. पण करायचं काय ते कळेना, कारण पुस्तकाप्रमाणे जेमतेम चाललं असतं.

क्रँक स्टँडर्ड, ओरखडा नाही. बोअर मारला की तीन पिस्टन आले, मग खोललंच आहे तर ऑइल पंप, क्लच प्लेट, रेडिएटर, आणि बिल गाडीच्या किमतीपुढे. काकांचा मुलगा फोनवर "फुल काम करा, यूट्यूबवर बघितलंय मी". पैसे मात्र काकांच्या पेन्शनमधून. फियाट टॅक्सीवाले बरे होते, गाडी उभी म्हणजे रोजी बंद, त्यामुळे लागेल तेवढंच काम सांगायचे.

शेवटी काकांनाच विचारलं, गाडी नेता कुठे? भाजी, डॉक्टर, आणि गणपतीला चिपळूण. आरसी आत्ताच पाच वर्षांसाठी रिन्यू झालेली. मग वरचा ओठ, म्हणजे बोअरच्या तोंडाशी न झिजता उरलेली कडा, काढला (तो ठेवून नवी रिंग टाकली की रिंग तुटते, तरी निम्मे लोक तसंच करतात), होनिंग केलं (बोअर आतून दगडाने हलकं घासलं), रिंगा, स्टँडर्ड बेअरिंग, वॉल्व्ह घासून नवे सील.

धूर गेला, मधलं कॉम्प्रेशन बाकीच्या दोघांपेक्षा अजून थोडं कमीच. भाजी-डॉक्टरचं टेन्शन नाही. पण गणपतीहून परतताना चार माणसं आणि सामान घेऊन परशुराम घाट चढायचाय, आणि काका एसी बंद करणाऱ्यांतले नाहीत.