शीर्षकपट्टीवरचा आयकॉन
मालवणात पावसाळ्यात वीज गेली की माझा जुना लॅपटॉप बॅटरीवर चालतो, त्यामुळे विंडो मॅनेजरची (खिडक्यांच्या चौकटी आणि शीर्षकपट्ट्या रंगवणाऱ्या प्रोग्रामची) उधळपट्टी मला खटकते. एक्स ११ मध्ये, म्हणजे लिनक्ससारख्या प्रणालींवर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेत, ॲप्लिकेशन आपला आयकॉन खिडकीच्या प्रॉपर्टीत (खिडकीला जोडलेल्या माहितीच्या नोंदीत), बहुधा अनेक आकारांत ठेवते. २५६ × २५६ पिक्सेलांचा एकच आयकॉन, दर पिक्सेलला ४ बाइट धरल्यास, २५६ किलोबाइट भरतो, आणि शीर्षकपट्टीला तर १६ पिक्सेलही पुरतात. म्हणून विंडो मॅनेजरने ही प्रॉपर्टी एकदाच वाचावी, नेमका किंवा किंचित मोठा आकार निवडावा, रंगमूल्ये पारदर्शकतेने आधीच गुणून (एक्स ११ च्या चित्रे मिसळणाऱ्या एक्स रेंडर या विस्ताराला तशीच लागतात) मग चित्र लहान करावे आणि एक्स सर्व्हरवर (पडद्यावर प्रत्यक्ष चित्र काढणाऱ्या प्रोग्रामकडे) पिक्समॅप, म्हणजे तिथेच साठवलेले तयार चित्र, म्हणून ठेवावे. प्रॉपर्टी बदलल्याची सूचना आली, तरच हा खटाटोप पुन्हा करावा. प्रत्येक रंगवणीत आकार बदलत बसणारा कोड मला निव्वळ आळशीपणाचा वाटतो.