रत्नागिरीला दोन दिवस जायचं तर आधी कालनिर्णय उघडा

रत्नागिरीचा शनिवार-रविवार ठरवताना बहुतेक जण आधी हॉटेल बघतात, मी आधी कालनिर्णय उघडलं. आमच्या सासूबाई शनिवार पाळतात, सोमवारही पाळतात, नवऱ्याचं म्हणणं मासे खायचे नसतील तर कोकणात जायचंच कशाला, आणि लेकीला फक्त समुद्र पाहिजे. हे तिघं एका प्लॅनमध्ये बसवायचे तर वार आणि तिथी बघितल्याशिवाय पर्याय नाही, आणि खरं सांगते, एकदा ते बसलं की बाकीचं सगळं आपोआप जागेवर येतं.

मला फेब्रुवारीतला असा शनिवार मिळाला की त्या दिवशी वद्य द्वितीया आणि संकष्टी थेट सोमवारी. म्हणजे गणपतीपुळ्याला शनिवारी संकष्टीची गर्दी नाही, सासूबाईंचं शाकाहारी जेवण मोदकांसकट, आणि रविवार सगळ्यांना माशांसाठी मोकळा.

तिथीचा दुसरा उपयोग भरती-ओहोटीला. किनाऱ्यावरची माणसं तिथीला पाऊणने गुणतात आणि भरती साधारण किती वाजता पूर्ण होणार ते सांगतात. द्वितीया म्हणजे दोन पाऊण दीड, दुपारी दीडला भरती, मग सहा-एक तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळभर पाणी मागे मागे जाणार आणि आरे-वारेच्या किनाऱ्यावर चालायला भरपूर वाळू मिळणार. पुढच्या दिवशी हे सगळं पाऊण-एक तास उशिरा. मिनिटाचा हिशोब नाही हा, पण फिरायला पुरेसा आहे. फक्त पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त, त्यामुळे पुळ्याच्या समुद्रात तर आत जाऊच नका, तिथे माणसं बुडालेली आहेत, तसे बोर्डही लावलेत. लेकीला मी हे घरीच नीट सांगून ठेवलं होतं.

मग गाडी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला, आणि कोकण रेल्वेवर शुक्रवार रात्रीची तिकिटं बघता बघता जातात, म्हणून मी तारीख पक्की झाली त्याच दिवशी मोबाईलमध्ये अलार्म लावला. जाताना ठाण्याहून कोकणकन्या, रात्री झोपायचं आणि उजाडायच्या आत रत्नागिरी. येताना रविवारी दुपारची मांडवी एक्सप्रेस. स्टेशन गावात नाही हे लक्षात ठेवा, कुवारबावच्या बाजूला आहे, पहाटे रिक्षा असतात पण आम्ही ज्यांच्याकडे उतरणार होतो त्यांनाच रिक्षा पाठवायला सांगितलं.

सगळ्यात जास्त वेळ मी घातला तो जेवण ठरवण्यात, आणि तो घालावाच. पुळ्याला घरगुती खानावळी भरपूर आहेत पण उकडीचे मोदक ऐनवेळी मागितले तर मिळतीलच असं नाही. मी दोन दिवस आधी फोन केला. पलीकडच्या काकींनी पहिला प्रश्न विचारला, "माणसं किती आणि मोदक किती ते वेगवेगळं सांगा, आमच्याकडे माणशी पाचाच्या खाली कोणी थांबत नाही." मग म्हणाल्या, "आधी दर्शन, मग प्रदक्षिणा, मग या, म्हणजे गरम वाढते." तिथे अख्खी टेकडीच गणपती मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा टेकडीला, साधारण एक किलोमीटर. सकाळी उन्हं चढायच्या आत करून टाकली. सासूबाई न थांबता चालल्या. नंतर पानात वरणभात, काळ्या वाटाण्याची आमटी, सोलकढी आणि मोदक, वर तूप. त्या जेवल्या ते बघूनच माझं समाधान झालं.

पुळ्याहून परत येताना निवळीवरून हायवेने येऊ नका, समुद्राच्या कडेचा आरे-वारेचा रस्ता घ्या. वरच्या वळणावरून दोन्ही किनारे एकदम दिसतात. आम्ही दिवसभराची गाडी ठरवली होती म्हणून ड्रायव्हरदादांना सूर्य बुडेपर्यंत थांबवता आलं, वाळू तिथीने सांगितली तेवढी उघडी पडली होती.

रविवारी सकाळी सातला मिरकरवाडा बंदर. जेटीवर मासळीचा लिलाव बघायचा असेल तर लवकरच जायला हवं. सासूबाईंनी सौंदाळ्याचे कल्ले उघडून बघितले आणि "ताजे आहेत हो" म्हणून कौल दिला. घ्यायचं काही नव्हतं, कारण गावातल्या खानावळीतल्या ताईंनी फोनवरच सांगितलं होतं, "मेनू विचारू नका, सकाळी जेटीवर जे चांगलं दिसेल ते आणते." अशी खानावळ मिळाली की सोडू नये. मात्र जून-जुलैत जाऊ नका, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते.

जेटी ते जेवण यामधल्या वेळात बाकीचं बसवलं. रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ आणि वरून खालचं बंदर, टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर, मग थिबा पॅलेस. इथे मात्र घाई करू नका. ब्रह्मदेशचा राजा थिबा, १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला इतक्या लांब आणून ठेवलं. हा वाडा १९१० साली बांधून झाला, १९१६ मध्ये थिबा इथेच वारला. लेक आठवीत आहे, तिने विचारलं, "मग तो परत कधीच गेला नाही?" नाही गेला, त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. आम्ही तिथे ठरवल्यापेक्षा जास्त रेंगाळलो आणि पतितपावन मंदिर गाडीतूनच बघितलं, पण मला ते पटलं.

जेवायला साडेबाराला बसलो. ताटात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, बांगड्याची आमटी, तळलेली सुरमई आणि तांदळाची भाकरी. नवरा बराच वेळ बोललाच नाही. सासूबाईंनी आमटीत त्रिफळं बघून ताईंना प्रमाण विचारलं, तिथून दोघींच्या गप्पा सुरू झाल्या त्या मीच घड्याळ दाखवून थांबवल्या.

पावस आणि जयगड मी मुद्दाम घेतलं नव्हतं. दोन दिवसांत ते कोंबलं तर जेवणं गाडीत वेफर्स खाऊन होतात. तुमच्याकडे सोमवारची सुट्टी असेल तर सकाळी पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मठात जाऊन या, आणि परतीचं तिकीट तसं सोमवारचं काढा.