मॅगीची केस आणि पाकिटावरची ती ओळ

2015 च्या जूनमध्ये मॅगीवर बंदी आली तेव्हा जो तो नूडल्समध्ये सापडल्याचं सांगितलेल्या शिशाबद्दलच बोलत होता, मला मात्र पाकिटावरचं ‘नो ॲडेड एमएसजी’ (एमएसजी म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, चव वाढवणारा पदार्थ) जास्त खटकलं, कारण तपासणीत तेही सापडलं होतं. कंपनी (नेस्ले) म्हणे, आम्ही वरून टाकत नाही, कांदा पावडर, गव्हाचं पीठ यांत ग्लुटामेट मुळातच असतं, आणि असतं हे खरंय, पण दुकानात घाईघाईत पाकीट उचलणाऱ्या आईला ते कसं कळणार? ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने बंदी उठवली कारण लॅब्सना नीट मान्यताच नव्हती, कंपनीची बाजूही ऐकली नव्हती, ते योग्यच झालं. पण सरकारने ग्राहकांतर्फे राष्ट्रीय ग्राहक आयोगात मागितलेली जवळपास 640 कोटींची भरपाई? 2024 च्या एप्रिलमध्ये फेटाळली! राग याचाच येतो, नमुने पहिल्याच वेळी धड लॅबमध्ये का नाही पाठवले?