ब्रेनस्टेममधला रक्तस्राव: "ऑपरेशन का करत नाही?"

बी.पी.ची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून परस्पर बंद करणारे आपल्याकडे, बेळगावपासून निपाणीपर्यंत, गावोगावी भेटतील. ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ, आणि पॉन्स हा त्याचा मधला भाग. ब्रेनस्टेममधल्या, विशेषतः पॉन्समधल्या रक्तस्रावाचं नेहमीचं कारण हेच, न आवरलेलं बी.पी. मोठा रक्तस्राव असेल तर माणूस अचानक बेशुद्ध होतो, चारी हातपाय लुळे पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात.

ऑपरेशन टाळतात ते जागेमुळे. शुद्ध, श्वास, गिळणं, हातपायांकडे जाणाऱ्या नसा, सगळं या चिंचोळ्या भागात दाटलेलं. रक्तही तंतूंच्या मधे शिरलेलं असतं. ते काढायला जाताना धड तंतूच तुटायचे. चीनमध्ये सुईने रक्त ओढून काढतात, पण त्याने रुग्ण जास्त बरे होतात हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही.

रक्त किती सांडलंय ते काढायला सीटीवर रक्ताच्या गाठीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 2 ने भागायची. 2.5 × 2 × 2 म्हणजे साधारण 5 मिली, चहाचा एक चमचा! इथे तेवढंही खूप झालं. 10 मिलीच्या वर आणि रुग्ण खोल बेशुद्ध, तर आशा फारच थोडी.

शेजारच्या लहान मेंदूत रक्तस्राव असेल तर मात्र हिशेब उलटा. 15 मिली किंवा जास्त रक्त, ब्रेनस्टेमवर दाब, किंवा रुग्ण ढासळतोय, तर कवटी उघडून रक्त ताबडतोब काढतात. पाण्याचा मार्ग तुंबून मेंदूत पाणी साठलं तर नळी घालतात. म्हणून डॉक्टरांना "रक्त नेमकं कुठे आहे?" हे आधी विचारा. ब्रेनस्टेममधला कॅव्हर्नोमा (नाजूक रक्तवाहिन्यांचा गुच्छ) पुन्हा पुन्हा फुटत असेल आणि पृष्ठभागापर्यंत आला असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार.

बिनऑपरेशनचा इलाज म्हणजे "नुसतं सलाइन" नव्हे. वरचं बी.पी. शिरेतल्या औषधाने 140 च्या आसपास आणून 130 ते 150 मध्ये धरायचं. एकदम 130 च्या खाली पाडलं तर नुकसान होऊ शकतं. वॉरफेरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर व्हिटॅमिन के 10 मिलीग्रॅम शिरेतून, पण त्याचा परिणाम दिसायला तास जातात, म्हणून सोबत प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकांचं इंजेक्शन. स्टेरॉइडचा उपयोग नाही. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने थेंबही नको: पाणी फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया, आणि बरेच रुग्ण त्यानेच जातात. डोळे वर-खाली हलत असतील, तर हलेनासा झालेला रुग्ण सगळं ऐकत असू शकतो. त्याच्या उशाशी बसून खर्चाची चर्चा करू नका.

खानापूर, चिकोडी भागातून निघताना 108 ला फोन करा, रुग्णाला कुशीवर झोपवा. "लकवा मारलाय" म्हणून अ‍ॅस्पिरिन चघळायला देऊ नका. सीटीआधी ती धोक्याची. सीटी, न्यूरोसर्जन आणि व्हेंटिलेटर तिन्ही आहेत ना, हे फोनवरच विचारून घ्या. शेवटचा ठीक कधी होता ती वेळ आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.