रोज दीड एमएल

आईला एचआयव्ही आहे आणि काहीच उपचार झाले नाहीत, तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध मिळून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के. औषधं नीट चालली तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं, आईला दिवसाला एकच गोळी असते. तरीही बाळं पॉझिटिव्ह येतात. अशा केसचा कागद उलटा वाचत गेलं की बहुतेक वेळा मध्ये कुठेतरी औषधाविना गेलेले दिवस सापडतात.

पूर्वी पद्धत वेगळी होती. कळा सुरू झाल्यावर आईला नेविरापिन या एचआयव्हीविरोधी औषधाची 200 मिलिग्रॅमची एक गोळी आणि 72 तासांच्या आत बाळाला किलोमागे 2 मिलिग्रॅम सिरप. 1999 मध्ये युगांडातल्या कंपालाच्या अभ्यासातून हे आलं. स्वस्त आणि सोपं, पण पुढे दूध पाजण्याच्या महिन्यांत संरक्षण नाही, आणि एका डोसनेही आईच्या विषाणूत नेविरापिनला दाद न देणारे बदल होत. मग इथिओपिया, युगांडा आणि आपल्या पुण्यात बाळाला सहा आठवडे रोज सिरप देऊन पाहिलं. 2008 च्या निष्कर्षांत सहाव्या आठवड्याला लागण 5.3 वरून 2.5 टक्क्यांवर आली, पण सहा महिन्यांपर्यंत तो फरक पुसट झाला. म्हणजे नुसत्या बाळाच्या सिरपवर भागत नाही, आईच्या रक्तातला विषाणूच दाबून ठेवावा लागतो. 2014 पासून भारतात प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला सीडी4 (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असला तरी कायमचा एआरटी, म्हणजे विषाणू दाबणाऱ्या औषधांचा उपचार, सुरू होतो, तो याच कारणाने.

आजची गोळी टीएलडी: टेनोफोव्हिर 300, लॅमिव्हुडिन 300, डोल्युटेग्रॅव्हिर 50 मिलिग्रॅम. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. त्याच बाईला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही चालू असतात. उपाशीपोटी तिन्ही एकदम घेतल्या तर लोह-कॅल्शियम डोल्युटेग्रॅव्हिरला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं. टीएलडी आधी घेऊन दोन तासांनी लोह-कॅल्शियम, किंवा लोह-कॅल्शियम आधी झालं असेल तर सहा तासांनी टीएलडी. एवढं सांभाळणं जमत नसेल तर सगळ्या गोळ्या भरपेट जेवणासोबत घेतल्या तरी चालतं. ॲसिडिटीच्या पातळ औषधाचंही तेच, फक्त त्याला जेवणाची सवलत नाही.

सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी जाते, किंवा हंगाम असेल तर ऊसतोडीच्या टोळीबरोबर जिल्ह्याबाहेर. नेमके हेच आठवडे महत्त्वाचे, कारण 32 ते 36 आठवड्यांत व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी, करायचा असतो. निघण्यापूर्वी बाळंतपणाच्या तारखेच्या पुढेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या, तिकडच्या एआरटी केंद्राचं नाव आणि बाळाच्या सिरपची सोय, हे तिच्या हातात पाहिजे. माहेरी कोणाला माहीत आहे आणि कोणाला नाही, हेही तिलाच विचारून घ्यावं. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तिची माहिती तिच्या संमतीशिवाय सांगता येत नाही, सासूलासुद्धा नाही.

लोड एका एमएल रक्तात विषाणूच्या 1000 प्रतींच्या खाली असेल तर बाळाला सहा आठवडे फक्त नेविरापिन. लोड जास्त असेल, झालाच नसेल किंवा निदानच अगदी शेवटी झालं असेल, तर सोबत झिडोव्हुडिन हे दुसरं औषधही, आणि आई अंगावर पाजणार असेल तर बारा आठवडे. नेविरापिन सिरपच्या एका एमएलमध्ये 10 मिलिग्रॅम असतं. जन्माचं वजन अडीच किलोच्या वर असेल तर रोज एकदा दीड एमएल, दोन ते अडीच किलोला एक एमएल, दोनच्या खाली किलोमागे 0.2 एमएल. चमच्याने मोजू नये, सुई नसलेली सिरिंज वापरावी आणि दीडच्या खुणेवर रंगीत चिकटपट्टी लावून द्यावी. बाटली आधी हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. अर्ध्या तासाच्या आत बाळाने ओकलं तर डोस पुन्हा द्यायचा.

खरी लढाई घुटीशी असते. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध नाही, साखरपाणी नाही, गाईचं दूध नाही. वरचं काही पोटात गेलं की आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि दुधातल्या विषाणूला वाट मिळते. वरचं दूध आणि अंगावरचं दूध असं मिश्र पाजणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. ‘काहीच देऊ नका’ असं सांगितल्यावर काही घरांत सिरपही बंद होतं, म्हणून औषध आणि ओआरएस चालतं हे वेगळं सांगावं. स्तनाग्राला चीर पडली किंवा स्तन सुजून पिकला, तर त्या बाजूचं दूध पिळून टाकायचं आणि दुसऱ्या बाजूने पाजत राहायचं.

सहाव्या आठवड्याला, पेंटाच्या पहिल्या लसीबरोबरच, टाचेतून डीबीएस, म्हणजे कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांतून थेट विषाणू शोधायची तपासणी. अँटीबॉडी टेस्ट इथे उपयोगाची नाही, कारण आईच्या अँटीबॉडी बाळात दीड वर्षापर्यंत दिसू शकतात. टाच आधी कोमट करून घ्यावी. पहिला थेंब पुसायचा आणि पुढचा मोठा थेंब आपोआप कागदात शोषला जाऊ द्यायचा. टाच जोरात पिळली तर रक्तात पाणी उतरतं, एकाच वर्तुळावर थेंबावर थेंब टाकले तर नमुना बाद होतो. कार्ड आडवं ठेवून, उन्हात न नेता, किमान चार तास वाळवायचं, पावसाळ्यात रात्रभर. मगच ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह पाकिटात. हीच तपासणी सहा आणि बारा महिन्यांना होते, आणि अठराव्या महिन्याला तीन किटवर अँटीबॉडीची शेवटची. तोवर अंगावर पाजणं चालू असेल तर ते थांबल्यावर तीन महिन्यांनी. फॉर्मवर फोन नंबर लिहिताना सासरचा आणि माहेरचा, दोन्ही घ्यावेत, पण आधी कोणत्या नंबरवर काय बोललेलं चालेल ते तिलाच विचारून.