पीटीओचं नवं सील महिन्याभरात पुन्हा का गळतं?

जुन्या ट्रॅक्टरच्या मागे, पीटीओ शाफ्टच्या (इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) मुळाशी तेल ओघळायला लागलं की पहिला उपाय ठरलेला: सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, काढायचं, नवं ठोकायचं. थोडे दिवस कोरडं राहतं, मग पुन्हा थेंब सुरू. दोष सीलच्या माथी मारला जातो, पण सील बिचारं शेवटी मरतं. त्याच्या आधी बेअरिंग, शाफ्ट, ब्रिदर (गिअर बॉक्समधली हवा बाहेर सोडणारं भोक) किंवा मागे जोडलेला कार्डन (पीटीओपासून अवजारापर्यंतचा जोडदांडा) यांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं. ते शोधल्याशिवाय घातलेलं सील म्हणजे गळक्या छपराखाली ठेवलेली बादली.

हात लावण्याआधी इंजिन बंद, चावी खिशात, अवजार सोडवलेलं आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे. पीटीओच्या नेहमीच्या 540 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 540 फेऱ्यांना, शाफ्ट सेकंदाला 9 वेळा फिरतो. सैल बाही किंवा उपरण्याचं टोक अडकलं तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. चालू शाफ्टवर आवाज कुठून येतो हे वाकून ऐकण्याची सवय मोडा.

आता शाफ्ट हातात धरा आणि वर-खाली हलवा. हालचाल जाणवली तर मागचं बेअरिंग गेलं. शाफ्ट मध्यभागी न फिरता किंचित भोवंडतो, सीलची ओठ (शाफ्टला घासणारी आतली कडा) एका बाजूला दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूला उघडी पडते. मग मागे-पुढे ओढून बघा. इथे ठकठक असेल तर सर्कलिप (बेअरिंग जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी), तिची खाच किंवा बेअरिंगची बैठक तपासावी लागेल. गोल फिरवताना जो थोडा प्ले लागतो तो गिअरच्या दातांचा असतो. त्यावरून बेअरिंगला दोषी धरू नका.

तेल काढण्याऐवजी ट्रॅक्टर उताराकडे तोंड करून उभा करायची युक्ती बरेच जण वापरतात. तेल पुढे सरकतं हे खरं, पण चाकं काढून ठेवलेला किंवा ब्रेक सैल असलेला ट्रॅक्टर उतारावर ठेवणं धोक्याचं आहे. शिवाय तेल बघणं हेच अर्धं निदान आहे. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काळसर लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटात टोचणारे कपचे किंवा सुईसारखे तुकडे निघाले तर बेअरिंग किंवा दात फुटलेत, आणि नुसत्या सीलवर भागणार नाही. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. पाण्याने बेअरिंगला गंज चढतो, गंजाने ते खरखरतं, आणि सीलचं गळणं हा त्याचा शेवटचा अंक.

बहुतेक जुन्या ट्रॅक्टरवर मागच्या कव्हरचे बोल्ट काढले की शाफ्ट बेअरिंगसकट मागे येतो. मॅसी फर्ग्युसन 35 सारख्या मॉडेलवर हायड्रॉलिक पंपही पीटीओच्या ड्राइव्हवरच चालतो. म्हणून तिथे पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला असला की लिफ्ट उचलत नाही. लिफ्ट बिघडली म्हणून पंप उघडण्याआधी लिव्हर बघा. शाफ्ट परत घालताना त्याचं पुढचं टोक आतल्या कपलिंगमध्ये आपोआप बसत नाही. हाताने हळूहळू फिरवत ढकला. अडला की हातोडी घ्यायची नाही, पुन्हा थोडं फिरवायचं.

शाफ्ट बाहेर आला की सील जिथे घासतं ती जागा डिझेलने पुसून त्यावर नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. नवं सील त्याच खाचेवर बसलं तर गळणारच. यावर दोन मार्ग आहेत. खाचेवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवायची, किंवा हौसिंगमध्ये जागा असेल तर सील आधीपेक्षा 2-3 मिमी आत किंवा बाहेर बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येते. एमरी पेपरने खाच घासून काढायच्या भानगडीत पडू नका. व्यास कमी होतो आणि बारीक आडवेतिडवे ओरखडे तेल बाहेर ओढतात.

सील घेताना जुन्यावरचे आकडे वाचा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. 45×62×8 म्हणजे 45 मिमी शाफ्टसाठी 62 मिमी हौसिंगमध्ये बसणारं 8 मिमी जाड सील. स्प्रिंगची बाजू नेहमी तेलाकडे. स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टवरच्या उभ्या दातांच्या, धारा ब्लेडसारख्या असतात, त्यांच्यावरून सील सरळ ओढलं तर ओठ तिथेच चिरते, आणि ती चीर डोळ्यांना दिसतही नाही. स्प्लाइनवर जाड प्लॅस्टिकची पिशवी ताणून गुंडाळा, ओठेला तेल लावा, मग सील चढवा. ठोकायला सीलच्या बाहेरच्या कडेएवढा पाइपचा तुकडा घ्या. स्क्रू ड्रायव्हरने एकेक बाजू ठोकत नेलेलं सील तिरकं बसतं.

बेअरिंग 80 ते 100 अंश सेल्सिअस तापमानाच्या तेलात गरम केलं की शाफ्टवर सहज घसरतं. 120 च्या पुढे नेऊ नका, पोलादाचा कस उतरतो. गॅसची ज्योत सरळ बेअरिंगवर धरणं तर अजिबात नको. थंडच दाबायचं असेल तर जी रिंग घट्ट बसते तिच्यावरच जोर द्या. शाफ्टवर चढवताना बाहेरच्या रिंगवर मारलेला प्रत्येक घाव गोळ्यांमधून जातो आणि ट्रॅकवर खळी पाडतो. असं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. नंबर जुन्यावरूनच घ्या: 6208 हे 40×80×18 मिमीचं, 6308 हे 40×90×23 मिमीचं. आतलं भोक दोन्हींचं सारखं, म्हणून चूक होते. नंबरापुढे सी3 (आतली फट नेहमीपेक्षा जास्त असल्याची खूण) असेल तर तेही जुळवा.

स्प्लाइनकडे उजेडात नीट बघा. नेहमीचा 540 चा शाफ्ट 35 मिमीचा, 6 स्प्लाइनचा असतो. 21 स्प्लाइनचा असेल तर तो 1000 आरपीएमचा. मागून बघितलं तर शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे दात एकाच अंगाने झिजतात. टोकापासून मुळापर्यंत नजर लावा. दात सरळ न दिसता पीळ भरल्यासारखे दिसले तर शाफ्टने कधीतरी मोठा झटका खाल्लाय. असा शाफ्ट बदलायचाच. वेल्डिंगने दात भरून लेथवर काढून देणारे भेटतात, पण वेल्डच्या उष्णतेने दाताशेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि पुढच्या झटक्यात तिथूनच मोडतं. नव्या शाफ्टवर जुना झिजलेला योक (कार्डनच्या टोकाचा दुबेळका) चढवला तर नवे दातही खाल्ले जातात.

ब्रिदर साफ करायला कुणाच्याच लक्षात राहत नाही. गिअर बॉक्समधली हवा तापली की बाहेर पडायला जागा हवी. ब्रिदर मातीने बुजला तर आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून वाट काढतं. काढून डिझेलमध्ये धुवा, फुंकून बघा. तेल खुणेच्या वर भरलं असेल तरी हाच प्रकार होतो.

सगळ्यात जास्त पीटीओ मारतो तो लांब कार्डन. अवजार जोडून सावकाश वर-खाली करा आणि पीटीओपासून अवजारापर्यंतचं अंतर जिथे सगळ्यात कमी होतं तिथे थांबून बघा. त्या जागीही दोन्ही नळ्यांना आत सरकायला निदान 2-3 सेंमी उरले पाहिजेत. नाहीतर नळ्या एकमेकींना टेकतात आणि सगळा रेटा शाफ्टवरून थेट मागच्या बेअरिंगवर जातो. सगळ्यात लांब स्थितीत नळ्या निदान एक तृतीयांश एकमेकींत हव्यात. जास्तीची लांबी दोन्ही नळ्यांतून सारखी कापा, कडा कानशीने घासा, आणि दोन टोकांचे योक एका रेषेत राहतील असं जोडा. एक योक आडवा गेला तर प्रत्येक फेऱ्यात धक्का बसतो. शियर बोल्ट, म्हणजे जास्त भार आल्यावर मुद्दाम तुटणारा बोल्ट, 8.8 ग्रेडचा दिला असेल तर तोच. सारखा तुटतो म्हणून जास्त कणखर 10.9 चा घातला की पुढच्या वेळी बोल्टऐवजी आतला गिअर तुटतो.

गळती नाही पण पीटीओ काम करताना सुटतो, अशी तक्रार असेल तर आधी लिव्हरची सळई काढून ठेवा आणि आतला हात थेट हलवून बघा. पूर्ण गुंतला तर दोष सळईच्या झिजलेल्या पिनांत आहे, लांबी नव्याने जुळवा. तरीही सुटत असेल तर लिव्हर अडवणारी गोळी आणि तिची स्प्रिंग बदला. शेवटी डॉगचे, म्हणजे पीटीओ गुंतवणाऱ्या कपलिंगचे, दात. कोपरे गोल झाले असतील तर जोडीने बदला.

डबल क्लचच्या (एकाच पेडलवर आधी गिअरचा, मग पीटीओचा क्लच सोडणाऱ्या) ट्रॅक्टरवर पेडल तळाला दाबून दोन-तीन सेकंद थांबल्यावरही लिव्हर करकरत असेल तर दुसऱ्या टप्प्याचा क्लच सुटत नाही. आधी पेडलचा फ्री प्ले, मग खिडकीतून फिंगरचं (क्लच दाबून सोडवणाऱ्या बोटांचं) अंतर, सगळ्यांचं सारखं, त्या मॉडेलच्या मापाप्रमाणे. भार आल्यावर इंजिनचा आवाज तसाच राहून रोटाव्हेटर मंदावत असेल तर क्लच प्लेट घसरतेय. आवाजही बसत असेल तर दोष पीटीओत नाही.

जोडणी झाली की कव्हरला कागदी पॅकिंग आणि त्यावर लिक्विड गॅस्केटचा अगदी पातळ हात. जास्तीचा मसाला आत गळून पंपाची जाळी बुजवतो. तेल भरून 5 मिनिटं अवजाराशिवाय मंद चालवा, मग 540 च्या खुणेवर आणखी 10 मिनिटं. इंजिन बंद करून, शाफ्ट थांबल्यावरच हौसिंगला हात लावा. हात ठेववत नसेल तर बेअरिंग तिरकं बसलंय किंवा तेल कमी आहे. कोमट असेल तर सीलखालची जागा कोरड्या फडक्याने पुसून ठेवा, आणि पहिल्या 10 तासांच्या कामानंतर बोल्ट कसताना पुन्हा तिथेच बघा.