हिरवी वायर

रविवारी दुपारी जेवणं झाली आणि मी माळ्यावरचं जुनं कॅबिनेट खाली काढलं. पुतण्याला घरीच कॉम्प्युटर असेंबल करून द्यायचा होता, मदरबोर्ड नवा आणला पण डब्याला कशाला परत पैसे घालायचे, हा आमचा सिडकोतला हिशोब.

बाकी सगळं तासाभरात बसलं. अडलं ते पुढच्या यूएसबीच्या वायरींपाशी. हल्लीच्या कॅबिनेटला त्या सगळ्या एका काळ्या ठोकळ्यात येतात, ठोकळ्याचं एक भोक बुजवलेलं आणि बोर्डावर नेमकी तिथली पिन नाही, दहा जागा आणि नऊ पिना, त्यामुळे उलटं बसतच नाही. आमच्याकडे आठ सुट्या वायरी. प्रत्येकीच्या टोकाला शितापेक्षा जरा मोठं टोपण, त्यावरची अक्षरं अर्धी पुसलेली. मोबाईलचा टॉर्च हनुवटीखाली धरून मी एकेक लावत होतो. पिन नाही त्या पडक्या दाताच्या बाजूला ग्राउंड, त्याच्या दुसऱ्या टोकाला लाल, म्हणजे पाच व्होल्ट, मधे पांढरी आणि हिरवी. ह्या दोघी डेटाच्या.

अण्णा खुर्चीत पेपर वाचत होते. वरून म्हणाले, "हिरवी अर्थिंगला ना रे?"

"नाही अण्णा, ह्यात हिरवी डेटाची असते. काळी ग्राउंड."

"हिरवी डेटाची कशी असेल?"

आता काय सांगायचं. हिरवी म्हणजे अर्थिंग हे त्यांनीच तर शिकवलेलं. मी पाचवीत असेन, इस्त्रीचा थ्री पिन टॉप जळला की अण्णा सातपूरहून ड्युटी करून आल्यावर ओट्यावर बसायचे, वायर दातांनी सोलायचे (आई ओरडायची), आणि स्क्रू ठेवलेली स्टीलची वाटी माझ्या हातात. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, मोठ्या पिनला. म्हण. मग मी म्हणायचो. पाढे विसरलो, अडीचकी तर कधी आलीच नाही, पण हे अजून झोपेतही म्हणेन. एकदा वाटी सांडली होती आणि एक स्क्रू आजतागायत सापडलेला नाही.

असो. लाल-काळी उलटी पडली तर पहिला पेनड्राईव्हच जातो, म्हणून टेस्टिंगला ज्याच्यासाठी कोणी रडणार नाही असा शोधला. त्यात फक्त माझा बायोडेटा होता. लावला, लगेच दिसला. मी खुशीत कॅबिनेटवर हात ठेवला, पाय उघडे, खाली फरशी, आणि बोटांना बारीक झिणझिण्या.

अण्णा उठले. हाताची उलटी बाजू पत्र्याला हळूच टेकवून बघितली, मग टेस्टर आणून भिंतीवरचा बोर्ड उघडला. ही खोली आम्ही मागाहून वाढवलेली, मिस्त्रीने बोर्डाला भोकं तीन ठेवली पण वायरी दोनच आणल्यात. मोठ्या भोकामागे नुसतं प्लास्टिक.

"हिरवी कुठंय?" अण्णांनी परत विचारलं, आणि ह्यावेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वायरमन गुरुवारी येतो म्हणालाय. कुठल्या गुरुवारी ते नाही बोलला. तोवर कॉम्प्युटर हॉलमधे, टीव्हीच्या बोर्डावर, आणि पुतण्या अण्णांच्या खुर्चीत.